यादीत नाव नाही

पोरींनो, मी कुवेतला निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर आपल्या टीममधल्या तिघी आल्या होत्या, आठवतंय? आईने शेवटच्या क्षणी माझे रग्बीचे बूट बॅगेत कोंबले. शेजारी माझे चुलते, दादाकाका, उभे होते. ते हसून म्हणाले, "तिकडं बूट कशाला? पेशंटचे पाय चोळायला चाललीय ती." खेळाडू होऊ दिलं नाही म्हणून मी फिजिओ झाले होते. बस हलली तरी ते हसतच होते.

काका तालुका रग्बी संघटनेचे सेक्रेटरी. निवड चाचणीत मी पहिली आले होते. पण बोर्डावर राज्य स्पर्धेच्या संघाची यादी लागली तेव्हा माझ्या जागी त्यांच्या लेकीचं, पिंकीचं नाव! पिंकीला चेंडू धड धरता येत नव्हता. विचारायला गेले तर काकांनी पाठीवर थाप मारली. "यादीत नाव नाही गं. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता माझा इथे कुवेतमध्ये, रिग्गईत फ्लॅट आहे, हॉस्पिटलच्या शिफ्ट आहेत, मराठीत हाक मारली की इंग्लिशमध्ये ओ देणारी लेक आहे. सगळं बदललं, त्या यादीचा राग तेवढा बदलला नाही.

गेल्या एप्रिलमध्ये काका इथेच, खैतानला राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडे आले. त्याच आठवड्यात आमच्या डिपार्टमेंटला इथलं राष्ट्रीय स्टेडियम आतून दाखवणार होते. आहे फुटबॉलचं, पण मैदान ते मैदान. काकांचे फोनवर फोन सुरू झाले. "मला ने. संघटनेच्या ग्रुपवर फोटो टाकायचेत." इथे आधी नावं कळवावी लागतात, आपला सिव्हिल आयडी, पाहुण्याचा पासपोर्ट. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. काकांनी पासपोर्टचा फोटो पाठवला. मी "मिळाला" एवढंच लिहिलं.

संघटनेचा ब्लेझर चढवून काका गेटवर हजर. गार्डने कागदावरून दोनदा बोट फिरवलं. "चाचा, आपका नाम नहीं है."

आठवड्यात शिकलेला एकुलता एक अरबी शब्द काकांनी बाहेर काढला. "मुदीर को बुलाव!" मुदीर, म्हणजे साहेब, आले. त्यांनीही यादी पाहून मान हलवली. मग काका माझ्याकडे वळले. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"यादीत नाव नाही, काका. पुढच्या वर्षी बघू."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पाण्याची बाटली मात्र मी हातात दिली. फिजिओ आहे मी, राक्षस नाही.

आत ड्रेसिंग रूम पाहिली, बोगद्यातून मैदानाच्या कडेपर्यंत गेले. गवतावर पाय ठेवायला मनाई होती. समोर हजारो रिकाम्या खुर्च्या. वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. पण कमी पडलं. ते पाऊण तासच बाहेर राहणार होते, मी कायमची राहिले.

संध्याकाळच्या आत भावकीत बोंब झाली. आईचा फोन आला. "भावजींना उन्हात उभं केलंस?"

"हो."

आई म्हणजे जन्मभर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई. मी शिव्या खायच्या तयारीत.

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"कोट घालून?"

"हो."

"बरं झालं," आई म्हणाली. "जेवलीस का?"

गावातलं बाकी काही मला आता नको, पोरींनो. घर म्हणून ही एक बाई पुरे आहे.