खोडलेली थप्पड

भाचीने माझ्या कपाटातून वाचायला नेलेली जुनी कादंबरी परत केली. चाळताना दिसलं की एक ओळ पेन्सिलीने गच्च गिरवून खोडली आहे आणि शेजारी बदाम काढला आहे. त्या ओळीत कादंबरीतला वकील नायिकेला थप्पड मारतो. तिच्या आजारी आईला पेज भरवणारा हातही त्याचाच. म्हणून तर तो माणूस इतकी वर्षं माझ्या डोक्यातून गेला नाही.

"हे का खोडलंस?" मी विचारलं.

"मावशी, तो असं करूच शकत नाही गं. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर सगळ्यांना त्या दोघांची जोडी हवीय. दोघांची नावं जोडून आम्ही एकच नाव केलंय."

मला शिसारी आली. लग्न जुळवणारे मध्यस्थ मी पाहिलेत. मुलगा जरा तापट आहे, पण मनाने चांगला आहे, असं ते गोड आवाजात सांगतात. निदान त्यांना तो तापट आहे हे ठाऊक तरी असतं. इथे पुस्तक हातात घेतानाच अक्षता मुठीत तयार, आणि आड येईल ते वाक्य खोटं. पुढच्याच पानावर नायिका त्या वकिलाचं घर कायमचं सोडते. तिथेही भाचीने बदाम काढला होता, फक्त मधोमध तडकलेला.

भाची गेल्यावर मी खोडरबर घेऊन बसले. पेन्सिल हळूहळू निघाली आणि खालची छापील ओळ वर आली, गालावर वळ उमटावा तशी.