खिंडीतली चार बोटं

पट्टीवाला उभा राहिला की खांबानेही लाजावं, असं खात्यात सगळे म्हणायचे आणि त्यात फारशी थट्टा नव्हती. साहेबांनी मोजणीच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि याने समोर, शंभरेक पावलांवर, आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी सरळ धरायची. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल! वारा पट्टीला ओढतो, माशी नाकावर बसते आणि हात हलवायची सोय नाही. "घरातली खुंटी तेवढी वाकडी ठोकता," बायको म्हणायची, "नि बाहेर सरळपणाचा पगार घेता."

त्याचा मुलूख म्हणजे ज्वालामुखीच्या रसाने थरावर थर देऊन रचलेलं काळं पठार. त्यात मधेमधे खोलगट खोरी, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला निसर्गानेच सोडलेल्या वाटा. त्यातल्या एका खिंडीतून रस्ता, विजेच्या तारा, गुरं, वारा, सगळंच जायचं. वरच्या खोऱ्यात तळं होतं, खालच्या खोऱ्यातलं गाव तहानलेलं. आता त्याच खिंडीतून पाट काढून तळ्याचं पाणी खाली न्यायचं ठरलं होतं. पण खिंड एवढी सपाट, की तेवढ्या लांबीत पाण्याला उतार मिळणार जेमतेम वीतभर.

"खिंडीच्या दोन्ही टोकांना दगडांवर जुन्या उंच्या कोरल्यात," नव्या इंजिनिअर बाई नकाशा पसरत म्हणाल्या. "त्याच धरून सोमवारपासून खोदू. काका, तेव्हा पट्टीवर तुम्हीच होतात ना?"

"होतो," तो म्हणाला.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते. खालून वर मोजत जाताना पट्टीखाली ठेवायची लोखंडी बैठक तो मागच्या थांब्यावर विसरला. परत जायचा कंटाळा आला, म्हणून ओल्या काळ्या मातीतल्या एका चपट्या दगडावर त्याने पट्टी टेकवली. साहेबांनी आकडा वाचला, दुर्बीण पुढे नेली, आणि ते मागे वळून पुन्हा वाचणार तेवढ्यात दगड हळूच खचला. चार बोटं. कडेने पाणी वर आलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. आदल्याच दिवशी साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "असा पट्टीवाला मिळायला नशीब लागतं." मग वरच्या दगडावर उंची चार बोटं जास्त कोरली गेली. पुढे तिथे काहीच बांधलं नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"दोन महिन्यांनी निवृत्त होतोय," तो घरी म्हणाला. "आता सांगितलं तर एवढ्या वर्षांचं नाव जाईल."

"आणि नाही सांगितलं तर उतार कमी पडून पाणी अडेल," बायको म्हणाली. "खालची माणसं काय तुमचं नाव पिणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई चिडल्या नाहीत. हातातला चहा तसाच ठेवून उठल्या, "चला, पुन्हा मोजू," म्हणाल्या. दोन दिवस मोजणी चालली. फरक निघाला तो बरोबर चार बोटांचा. पाटाचा आराखडा बदलला, खोदाई आठवडाभर पुढे ढकलली गेली.

"जुन्या नकाशावर तुमच्या साहेबांची सही आहे," बाई म्हणाल्या. "चूक कशी झाली ते मला लिहावं लागेल. माझ्या कागदावरून कळण्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळू दे."

साहेब आता सदुसष्ट वर्षांचे. त्या मोजणीनंतर लवकरच ते कचेरीत बसायला लागले होते, ते निवृत्त होईपर्यंत. ऊन-वाऱ्यातून सुटले एकदाचे, असं पट्टीवाल्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिव्या द्या साहेब," तो शेवटी म्हणाला.

"वर मोजत जातानाचे आणि ताळ्यासाठी खाली मोजत आलो ते परतीचे आकडे जुळेनात," साहेब हळू आवाजात म्हणाले. "चार बोटांचा फरक. तीन दिवस बेरजा तपासल्या, त्या बरोबर होत्या. आणि पट्टीवर तू. तू चुकशील हे माझ्या मनातही आलं नाही. म्हटलं, परतताना आपलीच नजर चुकली. म्हणून जातानाचे आकडे ठेवले आणि कचेरीतलं काम मागून घेतलं. ज्याला स्वतःच्या नजरेचा भरवसा नाही, त्याने दुर्बिणीला डोळा लावू नये."

पट्टीवाल्याला खाली बसावंसं वाटलं. कोणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला.

"म्हणजे परतीचा आकडा मी बरोबर वाचला होता?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर वाचला होतात, साहेब."

"आणि जातानाचा?"

"तोही बरोबर. दगड खचला होता. तुम्ही नाही चुकलात."

साहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बावीस वर्षं टेबलाशी बसलो रे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर पट्टीवाल्याला बरं वाटलं असतं.