चांगले चांगले फोटो

माझ्या फोनमधला सगळ्यात जुना फोटो वर्ध्याच्या फलाटावर माझ्या भावानं काढलेला आहे. त्यात मी आहे, नवी कोरी ट्रॉली बॅग आहे, ह्यांचा अर्धा खांदा आहे आणि एका कडेला आईच्या पदराचं टोक आहे. आई स्वतः फोटोत नाही. भाऊ "आई, इकडे पाह्य नं" म्हणत राहिला आणि ती चहाच्या ठेल्याकडे तोंड करून उभी राहिली. लग्नाला बारा दिवस झाले होते आणि मी रायपुरला निघाले होते.

बाबा फलाटावर नव्हते. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, ते आर्वीला घरीच खुर्चीत बसून होते. निघताना पाया पडले तर एवढंच म्हणाले, "लय लांब दिली पोरगी." स्थळ त्यांनीच पाहिलं होतं, त्यामुळे हा राग स्वतःवरच होता. गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा आईनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिथून फोटो पाठवत जाजो. चांगले चांगले पाठवजो बरं, तुह्या बाबाले दाखवाले होतेत."

मी आर्वीच्या शाळेत गणित शिकवत होते. दिलेलं काम नेटकं आणि वेळेवर करायची खोड मला तेव्हापासूनची. आईचं हे काम मी अकरा वर्षं केलं.

तुम्ही आर्वीला राहिलेल्यांनी ते फोटो पाहिले आहेत. आणि माझ्यासारखेच जे कोणी पुण्याला, भिलाईला, दुबईला गेलात, त्यांनी तसेच फोटो काढून पाठवले आहेत, हे मी पैजेवर सांगते. म्हणून दोघांसाठी मिळून लिहायला बसले आहे.

रायपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठं गजबजलेलं शहर येतं. ते आहे, पण आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. आम्ही राहतो नव्या रायपुरात, सेक्टरमध्ये, चौथ्या मजल्यावर. खालचा रस्ता इतका रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि बहुतेक वेळा पलीकडे माणूस नसतोच. दुभाजकावर बोगनवेल फुललेली असते. हे सकाळी नऊला गाडी घेऊन कचेरीत जातात आणि सात वाजता येतात. मधले दहा तास मी, चार खोल्या आणि ती बोगनवेल. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिचा फोटो पाठवला. आईचा निरोप आला, "बाबाले लय आवडला. म्हणते, पोरगी बगीच्यात रायते."

हे वाईट माणूस नाहीत, आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचता वाचता तुम्ही त्यांना शिव्या घालायला लागाल. जन्म रायपुरातला, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतात. मला शहरातल्या दोन शाळांनी बोलावलं होतं. सकाळी सातला हजर व्हायचं होतं, आणि आमच्या थांब्यावरची बस कधी येते हे एक तिला ठाऊक, दुसरं देवाला. मी स्कुटी शिकते म्हटलं, तर हे म्हणाले, "इस रोड पे ट्रक कैसे चलते हैं देखा है? और सब घर पे आ जाता है, जाना कहाँ है?" भाजी येते, किराणा येतो, औषधं येतात, धुण्याचा साबण येतो. स्कुटीचा विषय तिथेच राहिला.

तरी स्कुटीचा फोटो गेलाच. शेजारच्या साहू दीदींची लाल स्कुटी खाली उभी होती. मी तिच्यावर बसले, हेल्मेट घातलं, दीदींनी फोटो काढून दिला. आर्वीत तो फोटो इतका फिरला की माझ्या ताईनं तो आपल्या फोनवर दर्शनी लावला. "माही बहीण रायपुरात गाडी चालवते," असं ती भाजीवालीलाही सांगायची. मी खोटं बोलले नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणि महालक्ष्म्या. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर कसं भरतं हे तुम्हाला सांगायला नको. इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी मी हौसेनं मांडल्या. सोळा भाज्या केल्या, आंबील केली, पुरण वाटलं. शहरातल्या जुन्या मराठी घरांतल्या दहा बायकांना फोन करून सवाष्ण म्हणून बोलावलं. सगळ्या हो म्हणाल्या आणि दुपारपर्यंत एकेकीचा फोन आला. इतक्या लांब यायचं कसं, परतायला काही मिळेल का, पुढच्या वर्षी नक्की. अकरा पत्रावळ्या मांडल्या होत्या. अकरावी साहू दीदींची. दीदी छत्तीसगढीत "हव, आथौं", म्हणजे हो, येते, म्हणून गेल्या होत्या त्या खरंच आल्या, एका पत्रावळीवर बसल्या, पोटभर जेवल्या आणि उरलेल्या दहांकडे एकदाही बघितलं नाही. या गोष्टीसाठी त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. जेवणाआधी मी फोटो काढला होता. पाठवताना खालचा भाग कापला. देव्या, फुलवरा आणि नैवेद्याचं ताट एवढंच ठेवलं. आईनं लिहिलं, "घर भरलेलं दिसते."

असा माझा कारभार. यंदा उन्हाळ्यात फोननं हात टेकले. जागा नाही, जागा नाही, असं दिवसातून चारदा सांगायला लागला. पल्लवीनं, म्हणजे ताईच्या मुलीनं, आजीचा एक व्हिडिओ पाठवला, तो उतरेचना. मी एक दुपार राखून ठेवली आणि साफसफाईला बसले.

गणिताच्या बाईनं साफसफाई काढली की आधी वर्गवारी होते. शुभ सकाळचे गुलाब आधी गेले. मग एकाच मोदकाचे सात सात फोटो. मग गॅसचा खटका बंद आहे, दाराला कुलूप आहे, याचे फोटो. पूर्वी कधी बाहेर पडायची वेळ आली की घाबरून काढायचे मी ते. एकशे चाळीस निघाले, आणि शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा होता. तिथे जरा थांबले.

उरलेल्यांचे दोन ढीग झाले. एक पाठवलेल्यांचा. त्यात मी बोगनवेलीत, मी तळ्याकाठी, मी स्कुटीवर. दुसरा न पाठवलेल्यांचा. त्यात शाळांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, सगळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या. बसच्या वेळापत्रकाचे चार फोटो. रिकामा थांबा, कितीतरी वेळा. खिडकीतून काढलेला रस्ता, सकाळी अकराचा, दुपारी तीनचा, पाचचा. कशाला काढत होते कोण जाणे. स्कुटीचा दुसरा फोटोही होता, ज्यात दीदींचा हात हँडलवर आहे आणि गाडी स्टँडवर आहे हे स्वच्छ दिसतं.

मी दुसरा ढीग पुसून टाकला. एका बोटाचं काम. फोन हलका झाला आणि खरं सांगायचं तर मीही झाले. संध्याकाळी ह्यांना फोन दाखवला, "बघा, किती सुंदर फोटो उरलेत." हे म्हणाले, "अच्छा है, सब अच्छा ही अच्छा है." चार दिवस मी ते फोटो मागेपुढे करत बघत होते आणि मलाही वाटायला लागलं होतं की ही बाई फार मजेत आहे.

पाचव्या दिवशी पल्लवीचा फोन आला. ती अमरावतीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, आपल्या स्कुटीनं जाते, येताना मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाते. तिला स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, नव्या रायपुरात फ्लॅट, आमच्या शेजारच्याच सेक्टरात.

"मावशी, खरं सांग," ती म्हणाली, "तिकडून स्कुटीवर दवाखान्यात जाता येईन नं? आई म्हणते, मावशी त रोजच जाते. तुहे फोटो दाखवून दाखवून तिनं मले हैरान केलं. परवा हो का नाही सांगाचं हाये."

मी "सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. अकरा वर्षं मला वाटत होतं की या फोटोंत फक्त मी अडकले आहे. आता त्याच दारातून एक चोवीस वर्षांची पोरगी आत यायला निघाली होती, आणि दाराला तोरण मीच बांधलं होतं.

तोंडानं सांगावं असं आधी वाटलं. पण तोंडानं सांगितलेलं ताईनं मानलं नसतं. माझ्याच फोटोंचा पुरावा माझ्याविरुद्ध तिच्याकडे होता. मग फोनची कचरापेटी उघडली. पुसलेले फोटो तिथे तीस दिवस पडून राहतात, माझे पंचवीस उरले होते. एकेक बाहेर काढला. महालक्ष्म्यांचा कापलेला फोटो उघडला, तर खाली पर्याय होता, मूळ फोटो परत आणा. दाबला. कापलेला भाग आठ वर्षं फोननं जपून ठेवला होता. दहा पत्रावळ्या ओळीनं समोर आल्या, प्रत्येकीच्या कडेला मिठाची चिमूट, लिंबाची फोड. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. घरात कुणी नव्हतं, तिथे जायचीही गरज नव्हती, पण सवय.

मग सगळे पल्लवीला पाठवले. पत्रावळ्या, थांबा, जाहिराती, अकराचा रस्ता, तीनचा रस्ता, स्टँडवरची स्कुटी. खाली एवढंच लिहिलं, "मला गाडी येत नाही. मी कुठेच जात नाही. मुलगा चांगला असेल, तुझे मावसोबाही चांगले आहेत. त्याला एकच विचार, मी कामाला जाणार कशी."

तिनं विचारलं. मुलगा सभ्यपणे म्हणाला, "जाने की ज़रूरत क्या है? सब घर पे आ जाता है." पल्लवीनं नाही कळवलं.

ताईचा फोन आला तो आग ओकतच. "आजपर्यंत काहून सांगितलं नाही? आन् सांगाचं होतं त मले सांगाचं, पोट्टीले काहून पाठवलं? सोन्यासारखं स्थळ गेलं!" मी ऐकून घेतलं. तिचं निम्मं खरं होतं. अजूनही ती माझ्याशी नीट बोलत नाही.

ह्यांनाही मी पत्रावळ्यांचा फोटो दाखवला. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी हे दौऱ्यावर होते. फोटो बघून ते मराठीत म्हणाले, "मला नाही सांगितलंस." मग म्हणाले, रविवारी स्कुटी शिकवतो. रविवार आला आणि ह्यांच्या कचेरीतून बोलावणं आलं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. बघू.

आईला तोंड कसं दाखवावं हे मला कळत नव्हतं. आठवडाभर मी तिला काहीच पाठवलं नाही, चांगलं नाही, वाईट नाही. शेवटी तिनंच फोन केला. पल्लवीनं तिला सगळे फोटो दाखवले होते. मी आधीच बोलायला लागले, की आई, तूच म्हणाली होतीस, चांगले चांगले पाठव.

"बाबाले दाखवाले म्हटलं होतं वं मी," आई म्हणाली. "त्याईच्या जिवाले घोर नको म्हणून. बाबा जाऊन सहा वर्सं झाले. आता कोणाले दाखवून राहिली तू?"

सहा वर्षं एका रिकाम्या खुर्चीला मी बोगनवेल दाखवत होते, आणि जी जिवंत होती, विचारत होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. मग आई म्हणाली, "तो बसच्या थांब्याचा फोटो पाह्यला मी. किती वेळ उभी रायते तिथं?"

घर म्हटलं की आता मला आर्वीचं अंगण आठवत नाही, आणि हा चौथा मजलाही अजून घर झालेला नाही. झालंच तर एवढं झालंय की आई पूर्वी रोज "आज काय केलं?" असं विचारायची, ती आता अकराच्या सुमाराला विचारते, "बस आली का?" मी मंगळवारी आणि शुक्रवारी पिशवी घेऊन खाली उतरते. शहरात मराठी मुलांना गणित शिकवायचं ठरवलं आहे, आठवड्यातून दोन दिवस. चारदा बस मिळाली, पाचदा परत वर आले.

आज शुक्रवार. पाऊण तास उभी होते, आली नाही. थांब्याचा फोटो काढला आणि कुठेही न कापता आईला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, "उन्हात उभी नको राहू. मंगळवारी पाहू."