पार्क मी पाहूनच निवडला होता

"बाबांचं काय विचारतोस! चेन्नईत एवढाले पार्क आहेत, आणि बाबांनी आम्हाला नेलं कुठं, तर जिथं बाळांच्या आगगाडीपलीकडं काही नाही तिथं. का, तर घराजवळ पडतं म्हणून. स्वतः बघायला नको, कुणाला विचारायला नको, ठरवून मोकळे. पोरगी दिवसभर बाकावर बसून. तेव्हाच कानाला खडा लावला, सुट्टीचं ठिकाण यापुढं आपणच ठरवायचं."

हे उद्गार माझ्या मुलाचे. तो पुण्यात असतो. आपल्या चुलतभावाला उद्देशून, पण सगळ्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्याने ते हसत हसत ऐकवले आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या ग्रुपमध्ये मीही आहे, याचा त्याला विसर पडला असावा; किंवा बोलून पाठवलेले संदेश बाबा उघडत नाहीत, असा त्याचा समज असावा. मी उघडतो. वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये दुपारच्या वेळी मराठी बोलणारे दुसरे कोणी नसते.

एरवी मी हे हसण्यावारी नेले असते. परंतु या कथेच्या आधारावर यंदाची मे महिन्याची सुट्टी कूर्गला ठरली आहे. "तुम्हाला घाटाचा प्रवास झेपायचा नाही, बाबा. चेन्नईचं पुढच्या वर्षी बघू," असे मला कळवण्यात आले. म्हणजे प्रश्न केवळ माझ्या थट्टेचा उरलेला नाही. ते माझ्या दारी येणार की नाही, हे या कथेवर ठरू लागले आहे. आणि ही कथा खोटी आहे.

'घराजवळ' हा शब्द आधी निकालात काढतो. समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या मोठ्या पार्कला आमच्याकडून एक बस बदलून सुखाने जाता येते. मी निवडलेला पार्क पूनमल्लीच्याही पुढे, हमरस्ता सोडून आत आहे. बस संपल्यावर शेअर ऑटोत गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागते. नकाशा प्रत्येकाच्या खिशात आहे. आरोप करण्यापूर्वी तो उघडण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, एवढेच नोंदवतो.

'स्वतः बघायला नको' हा आरोप मात्र माझ्या आयुष्यावरचा आहे. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्याच्या तपासणी विभागात मी उभा जन्म काढला. आमच्या टेबलावरून न मोजलेली वस्तू बाहेर जात नसे. तिथली पद्धत अशी, की प्रत्येक नगाला पट्टी लावत बसायचे नाही. मूळ नगाबरहुकूम एक गेज, म्हणजे मापाचा पक्का नमुना बनवून घ्यायचा आणि तो घेऊन सगळीकडे फिरायचे. नमुना बसला तर माल पास, नाही तर परत. तेव्हा सुट्टीचे ठिकाण ठरवायचे काम माझ्याकडे आल्यावर मी पडद्याची एक जुनी ॲल्युमिनियमची नळी माळ्यावरून काढली, करवतीने माझ्या नातीच्या उंचीच्या हिशोबाने कापली, कड कानशीने घासून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बस पकडली.

समुद्राकाठच्या पार्कच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला बाजूला घेतले.

"सार, हे काय? क्रिकेटला चाललात की भांडायला?"

मी म्हणालो, "ही माझी नात आहे."

तो दुसऱ्या पहारेकऱ्याला हाक मारून हसला. "अरे ये, बघ, सारांची नात बघ! एकदम बारीक आहे." मग मला म्हणाला, "खरी कुळंदै एंगे, सार? मूल कुठं आहे?"

"पुण्यात."

"मग तुम्ही इथं कशाला आलात?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तमिळमध्ये नीट समजावून दिले. ते ऐकून घेतल्यावर त्याने नळी आत नेऊ दिली, पण माझ्यामागे एक माणूस लावून दिला. तो माणूस अर्ध्या वाटेवर कंटाळून आइस्क्रीमच्या गाडीपाशी थांबला.

अशा पार्कांमध्ये प्रत्येक मोठ्या खेळाच्या तोंडाशी एक खांब असतो आणि त्यावर एक रेघ. रेघेच्या खाली डोके भरले, तर मूल आत जात नाही. मी प्रत्येक खांबाशी जाऊन नळी टेकवली. उंचावरून खाली सोडणारा मनोरा: नळी रेघेच्या खाली. उलटीपालटी होणारी आगगाडी: खाली. पाण्याची मोठी घसरगुंडी: अगदी थोडक्यात, पण खालीच. रांगेत एक मूल आईबापांसह तासभर उन्हात उभे राहून खांबापाशी पोचले, आणि त्याला एकट्याला बाहेर काढले गेले. आईबाप वर गेले. मूल कठड्याला धरून वर पाहत राहिले. ते पाहिल्यावर माझा या पार्काविषयीचा निकाल झाला.

जे खेळ उरले, त्यांतले मला बसता येण्यासारखे होते त्यांत मी बसलो. तपासणी म्हणजे तपासणी. उंच पाळण्याच्या पिंजऱ्यात समोरची जागा रिकामी राहिली, म्हणून चालवणाऱ्या पोराने रांगेत विचारले. पण ज्याला त्याला आपल्याच माणसांबरोबर बसायचे होते. पाळणा वर थांबला तेव्हा समुद्र फार चांगला दिसत होता. "ते बघ," असे म्हणायला माझे तोंड उघडलेही, मग मिटले. खाली उतरलो तर एका कुटुंबाने माझ्या हाती फोन दिला आणि ओळीत उभे राहिले. मी त्यांचा फोटो काढला, एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. त्यांतल्या बाईने विचारले, "सार, प्रिंट कुठं मिळेल?" मी पार्कचा माणूस नाही, हे तिला सांगितले. मग तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, की मग मी तिथे कोण.

दुसऱ्या मोठ्या पार्कातही हाच अनुभव, तो पुन्हा लिहीत नाही. तिसरा पार्क लहान. रंग उडालेले हत्ती, गोल फिरणाऱ्या होड्या, एक आगगाडी. तिथे मात्र नळी सगळीकडे बसली. एकाही खेळातून माझ्या नातीला बाहेर काढले जाणार नव्हते. ही माझी निवड, आणि हे तिचे कारण. ज्याने खांबाशी नळी टेकवून पाहिली नाही, त्याने 'बघायला नको' असे म्हणू नये.

आता 'कुणाला विचारायला नको'. मी विचारले होते. तिची उंची मी स्वतःच्या हातांनी घेतली होती, भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून. तरी वाढत्या वयाचे मूल, म्हणून पुन्हा खात्री करावी, यासाठी मी फोन केला. सूनबाईंनी उचलला.

"पोरीची उंची किती झाली?"

"वाढतेय हो बाबा, भराभर. कपडे पुरत नाहीत."

"आकडा सांग."

"आकडा? आता मोजायला हवी. ह्यांना सांगते, संध्याकाळी मोजून कळवतील."

संध्याकाळी कोणी कळवले नाही. दुसऱ्या आठवड्यात मी मुलाला विचारले. "बाबा, उंचीचं काय एवढं? व्हिडिओ कॉलवर बघताय ना तिला," असे तो म्हणाला. पडद्यावर माणसाचा चेहरा दिसतो, उंची दिसत नाही. मी दर रविवारी तिचे डोळे, कपाळ आणि मागची पुस्तकांची फळी पाहत होतो. शेवटी, कारखान्यात करत असू त्याप्रमाणे, मी वाढीची सूट धरली आणि नळी तिच्या मापाहून चार बोटे लांब ठेवली. ती सूट माझ्या मते पुरेशी होती. कोणाला ती अपुरी वाटत असेल, तर त्याने पुरेशी किती, हे तेव्हा सांगायला हवे होते.

गेल्या मे महिन्यात ती मंडळी आली, त्या सकाळी मी विमानतळावर गेलो होतो. काचेच्या दारातून मुलगा आला, सूनबाई आल्या, आणि त्यांच्या मागून सामानाची गाडी ढकलत एक उंच, सडपातळ मुलगी आली. मी तिच्यामागे पाहू लागलो. ती मुलगी माझ्या पाया पडायला वाकली आणि उभी राहिली, तेव्हा तिचे डोके माझ्या हनुवटीला लागत होते.

मुलगा म्हणतो, "बाबांनी तिला डोळ्यांनी बघितलं, तरी पार्क बदलला नाही." हे खरे आहे, आणि ते मी लपवीत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात पार्क नव्हताच. घरी येईपर्यंत टॅक्सीत मी पुढच्या सीटवरून वरचेवर मागे वळून पाहत होतो. "मान दुखेल तुमची, बाबा," असे सूनबाई म्हणाल्या. रात्री मुलाने विचारले, "मग, उद्या कुठं नेताय?" मी म्हणालो, "ठरलेलं आहे." दुसरे काही सांगायचे, तर आधी नळीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती ऐकून तो हसला असता.

पार्कात पहिल्याच होडीपाशी चालवणाऱ्या माणसाने तिच्यापुढे हात आडवा धरला. लहानांच्या खेळांना वरचीही मर्यादा असते. ती मर्यादा मी नळी लावताना पाहिली होती. पण तिचा विचार करण्याचे मला कारण वाटले नव्हते. तो माणूस माझ्याशी तमिळमध्ये बोलला.

नातीने विचारले, "आजोबा, काय म्हणाले ते?"

"तो म्हणतो, तू मोठी झालीस."

"मग आगगाडीत?"

आगगाडीवाल्यानेही मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिले. तिथेही मलाच सांगावे लागले.

बाकावर ती बसली, हेही खरे. परंतु 'दिवसभर' नाही. आणि एकटी तर मुळीच नाही. तिचे आईवडील सावली शोधायला उपाहारगृहात गेले, तेव्हा तिच्या शेजारी मी होतो.

"आजोबा, मला आधी वाटलं तुम्ही जोक करताय."

"मी थट्टा करत नाही."

"ते माहितीये सगळ्यांना." ती हसली. "तुम्हाला मी केवढी वाटले होते?"

मी हात जमिनीपासून वर नेला आणि हवेत धरला. तिने तो पाहिला, माझे मनगट धरून थोडे वर केले, मग आणखी थोडे, आणि मग उठून त्या हाताखाली उभी राहिली. "इथं," ती म्हणाली. "आता लक्षात ठेवा." त्यानंतर तिने फोनवर मला तिच्या वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो दाखवले आणि प्रत्येकीशी तिचे कधी व का भांडण झाले, ते सविस्तर सांगितले. मला ती सगळी भांडणे पाठ आहेत. ग्रुपवरच्या संदेशात या तासाचा उल्लेख नाही.

मुलाच्या कथेचे सार असे, की बाबांना आपल्या नातीची उंची ठाऊक नव्हती, म्हणून सुट्टी वाया गेली. आणि हा दोष बाबांचा. त्यावर ग्रुपमध्ये कोणी प्रश्न विचारला नाही, की आजोबाला ती का ठाऊक नसावी. गेज चुकले की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच विचारला जाई: मूळ नग पुन्हा मापायला टेबलावर केव्हा आला होता? तो प्रश्न मी आता विचारतो आणि त्याचे उत्तरही मीच देतो, म्हणजे वाद उरणार नाही.

त्या मे महिन्यापूर्वी माझी नात या घरी आली होती ती तिच्या आजीच्या तेराव्याला. तेव्हा ती पहिलीत होती, आणि त्या मे महिन्यात ती सहावीत जाणार होती.