काचेवर राहिलेलं हॉल तिकीट

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गल्लीत कुणाला काही 'दिसलं' की त्याला चष्म्याचा नंबर तपासायला पाठवणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मलाच वाटतेय... पण पोटात ठेवूनही चैन पडेना.

आमचं घर नगरात (आता अहिल्यानगर, पाटी बदलली, जीभ अजून सवय करतेय) एका कॉलेजच्या मागच्या गेटसमोरच्या गल्लीत आहे. पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं दुकान, मागं आम्ही दोघं. कॉलेजजवळ राहण्याचे फायदे विचाराल, तर दहा पावलांवर चहा, वडापाव, वह्या, मेस, आणि 'काका' म्हणणारी शे-दोनशे पोरं. तोटे विचाराल, तर तीच पोरं. आमच्या गेटसमोर आडव्या लावलेल्या त्यांच्या गाड्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आमच्या भिंतीला, आणि परीक्षा संपली की गल्ली अशी सुनसान, की आपणच नापास झाल्यासारखं वाटतं. घर विकून बायपासकडं शांत जागा घ्यायची, असं मी दोन वर्षं घोकत होतो. एजंटशी बोलणंही झालं होतं. बायको मात्र ऐकेना.

"मग परीक्षेला जाताना पोरींना दही-साखर कोण देणार? तुमचा एजंट?"

ही तिची जुनी पद्धत. गल्लीत खोल्या करून राहणाऱ्या पोरी पेपरच्या दिवशी आमच्या दारात येतात, हात पुढं करतात, ती तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवते. मी त्याची टिंगल करायचो. म्हणायचो, "साखरेनं पास झाले असते तर कारखान्याचे चेअरमन पीएचडी असते."

त्यातलीच एक रेश्मा, पाथर्डीकडची. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. वडिलांनी साफ सांगितलेलं, यंदा बीएस्सी पुरी झाली तर पुढं शीक, एक जरी विषय राहिला तर शाळा बास, लग्न. शेवटचा पेपर सोमवारी होता. आई-वडील तोडीवरून परतले म्हणून ती पेपरांच्या मधल्या सुट्टीत गावी निघाली. जाण्याआधी, गुरुवारी संध्याकाळी, हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला आली. नेमकं तेव्हाच आम्हाला मेहुण्याच्या वास्तुशांतीसाठी सोनईला निघायचं होतं. बायको आतून ओरडतेय, "एसटी तुमच्यासाठी थांबणारे का?" मी घाईघाईत झेरॉक्स दिली, मशीन बंद केलं, कव्हर टाकलं, शटर ओढलं. भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे, 'ओरिजिनल घेतले का?' आता काय बोलणार!

रविवारी मी एकटाच परतलो. बायको एक दिवस जास्त राहिली. सासूबाईंनी दह्याचा डबा दिला होता.

सोमवारी सकाळी लाईट गेलेली. मशीन बंद, म्हणून शटर अर्धंच वर केलं आणि येरझाऱ्या घालत बसलो. साडेआठला शटरखालून वाकून रेश्मा आत आली.

"लाईट नाही गं, झेरॉक्स बंद," मी म्हणालो.

"झेरॉक्स नको काका. दही द्या."

"काकू सोनईला आहे."

ती नुसता हात पुढं धरून उभी राहिली. मग काय, आत गेलो, अंधारात बरण्या चाचपल्या, वाटीत दही कालवलं आणि तिच्या तळहातावर चमचाभर ठेवलं. तिनं ते खाल्लं. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.

"काका, झाकण उघडून बघा," म्हणाली, आणि वाकून बाहेर गेली.

चमचा ठेवून मी मशीनचं कव्हर काढलं, झाकण उचललं. काचेवर पालथं पडलेलं तिचं हॉल तिकीट! कॉलेजच्या सही-शिक्क्याचं, ओरिजिनल.

धावत बाहेर आलो. गल्ली रिकामी. तिच्या खोलीवर गेलो, तर मैत्रीण म्हणाली, "रेश्मा? ती अजून आलीच न्हाई ओ काका. रात्रीपासून फोनपण बंद लागतोय."

तिकीट खिशात घातलं. सरळ कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. पेपर दहाचा. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. माझ्याइतका अस्वस्थ तिथं एकही विद्यार्थी नसेल. दहाला पाच मिनिटं कमी असताना समोर जीप थांबली आणि रेश्मा उतरली. धुळीनं माखलेली, रडून डोळे सुजलेले, हातात झेरॉक्स. वॉचमन मान हलवायला लागला, तेवढ्यात मी तिकीट पुढं केलं.

"काका! तुमाला कसं कळलं?"

"आधी आत पळ!"

दुपारी पेपर देऊन ती दुकानात आली. चांगला गेला होता. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "सकाळी साडेआठला कुठं होतीस गं?"

"करंजी घाटात. जीप पंक्चर. तिथंच फाईल उघडली तर नुसती झेरॉक्स! मोबाईल डाऊन. मग काय, बसले रडत. देवाचं नाव घ्यायचं सोडून मनात एकच चाललेलं... काका, झाकण उघडा, काका, झाकण उघडा." ती हसली. "पानी हाय का हो? सकाळधरनं तोंड नुसतं खारट झालंय."

"रडलीस ना, म्हणून," मी म्हणालो. पोरीला कशाला घाबरवायचं?

संध्याकाळी बायको आली. चहा टाकायला ओट्याशी गेली आणि तिथूनच सुरू झाली.

"मिठाची बरणी बाहेर कशाला काढलीत? आणि साखर आणली नाहीत ना? संपलीय म्हणून जाताना सांगितलं होतं."

सकाळची वाटी तशीच मोरीत पडली होती. कडेला वाळलेलं दही होतं. मी बोट लावून चाखलं.

खारट.

बायकोला सगळं सांगितलं. एरवी माझ्या तीन वाक्यांत चार चुका काढणारी बाई, एकही चूक न काढता शेजारून वाटीभर साखर घेऊन आली. रेश्मा पास झाली, आता पुण्यात शिकते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. स्वप्न म्हणावं तर वाटी खरी, भास म्हणावा तर तिच्या तोंडाची चव कुठून आली? तुम्ही उत्तर सुचवाल, पण ते पटेल याची खात्री नाही. एजंटचे फोन अजून येतात. मी उचलत नाही. आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी एकदा झाकण उघडून बघतो. काच रिकामी दिसली, तरी पुन्हा एकदा बघतो.