अकरा किलो

भंगाराच्या गोदामात त्याला सगळे काटेवाला म्हणत. एकतीस वर्षं तो त्याच वजनकाट्यामागे बसला होता. तेवढ्या वर्षांत त्याचे दोन दात गेले, डावा कान अधू झाला, आणि त्याने स्वतः निदान नऊ माणसांची हाडं मोडली. कारण दर वेळी तेच. कुणी रद्दीचे गठ्ठे पाणी मारून आणायचं, कुणी डब्यांत वाळू भरायचं, कुणी लोखंडी पाइपात चिखल ठासून दोन्ही तोंडं ठोकून बंद करायचं. काटेवाल्याला हे माल उचलताना हातालाच कळायचं. मग तो शांतपणे उठायचा, गेटची कडी लावायचा आणि हाती लागेल ते घ्यायचा. एका लबाडाचा पंजा त्याने काट्याच्या फळीवर दाबून धरला आणि वरून वीस किलोचं माप सोडलं. त्या माणसाला अजून शर्टाची बटणं बायको लावून देते. मालक या सगळ्याकडे काणाडोळा करायचा. असला माणूस गोदामाला परवडतो.

आता तुम्ही म्हणाल, गोदामात असा असला तरी घरी मवाळ असेल. अजिबात नाही. घरीही तो तसाच होता, फक्त घरच्या मारहाणीला तो माया म्हणायचा.

घरी होती एक नात, साडेतीन वर्षांची. बायको पाच वर्षांपूर्वी छातीत कफ भरला म्हणून सरकारी दवाखान्यात भरती झाली आणि चौथ्या दिवशी त्याच्या हातात तिच्या कपड्यांचं गाठोडं आलं. मुलीचा नवरा नात वर्षाची व्हायच्या आत परागंदा झाला. आठ महिन्यांपूर्वी मुलीला लांबच्या शहरात शिलाईच्या कारखान्यात काम मिळालं. "खोली मिळाली की हिला घेऊन जाते, बाबा," असं म्हणून ती गेली होती. खोली अजून मिळायची होती. तेव्हा सकाळी काटेवाला नातीला कडेवर घेऊन गोदामात यायचा आणि काट्यामागच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसवायचा. तिथली माणसं तिला पैलवान म्हणायची. पोरीच्या अंगावर मूठभरसुद्धा मांस नव्हतं, म्हणून पैलवान.

बाहेर पत्रे कापले जायचे, ट्रक मागे यायचे, त्यामुळे पोरीने केबिनबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. तिला जागेवर बसवून ठेवायला काटेवाला गोड चहा आणि बिस्किटं द्यायचा. सकाळी आल्यावर, दहा वाजता, बारा वाजता, रडली की, नाही रडली तरी. दुपारी डबा उघडेपर्यंत तिचं पोट चहाने तट्ट फुगलेलं असायचं. मग तिला भात नको असायचा. आणि इथून लढाई सुरू व्हायची.

तो तिला दोन्ही गुडघ्यांत धरायचा. एका हाताने जबडा दाबायचा, दुसऱ्या हाताने चमचा आत घालायचा, आणि घास बाहेर येऊ नये म्हणून तळहाताने तोंड झाकायचा. पोरगी लाथा झाडायची, नाकातून भात यायचा. एकदा तिने त्याच्या अंगठ्याचा असा लचका तोडला की दोन टाके पडले. त्या दिवशी त्याने तिच्या थोबाडीत दिली ती बाहेर कटरवाल्याला मशीन चालू असताना ऐकू गेली. पण घास मात्र त्याने भरवलाच. अर्धं ताट टाकून उठणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा बाप त्याला जेवायला बसवताना पट्टा मांडीवर ठेवायचा, आणि तो स्वतः चांगला धडधाकट वाढला होता. एवढा पुरावा त्याला पुरेसा होता.

त्याच्या वस्तीतल्या लहान मुलांची वजनं त्याच सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर व्हायची. तिथल्या सिस्टरने पैलवानला काट्यावर उभं केलं. नऊ किलो नऊशे. सिस्टरने तिचा दंड पट्टीने मोजला आणि मग ओठावरच्या जखमेकडे बघितलं.

"काका, ही दिवसभरात काय खाते?"

"सगळं खाते."

"सगळं म्हणजे?"

"चहा, बिस्किटं. दुपारी, संध्याकाळी भात भरवतो मी."

"भरवता की कोंबता? हा ओठ चमच्याने कापलाय."

काटेवाल्याने पोरीला काट्यावरून उचलून कडेवर घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण समोर बाईमाणूस होतं.

सिस्टर मात्र थांबली नाही. "चहा आजपासून बंद. साखरपाण्याने तिची भूक मरते, अंगाला काही लागत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. तिची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळेल. मऊ भात-डाळ, त्यात वरून चमचाभर तेल. अंडं, केळं, दूध, दाण्याचं कूट. तिच्या हाताने खाऊ दे, सांडलं तर सांडू दे. तुम्हीही तिच्या समोर बसून जेवा, बघून शिकतात मुलं. आणि नको म्हणाली की वाटी उचलायची. हात नाही उचलायचा."

"नको म्हणाली तर वाटी उचलायची?" त्याने परत विचारलं. त्याला वाटलं, आपल्या अधू कानाने काहीतरी भलतंच ऐकलं.

"हो. पुढच्या वेळी मागेल. भूक लागली की पोर मागतंच. सहा आठवड्यांनी परत आणा. अकरा किलो दिसायला हवेत. नाही दिसले, तर वरच्या वॉर्डात ठेवून घ्यावं लागेल."

एवढ्या सगळ्यातलं काटेवाल्याच्या डोक्यात दोनच गोष्टी गेल्या, अकरा आणि वॉर्ड. वर जाणारा तो जिना त्याच्या ओळखीचा होता. त्या जिन्याने तो एकदा गाठोडं घेऊन खाली आला होता. काहीही झालं तरी पोरीला तिथे जाऊ द्यायचं नाही, हे त्याने दवाखान्याच्या फाटकापाशीच ठरवलं.

आणि त्याने खरोखर काही कमी केलं नाही, हे सांगायलाच हवं. चहा बंद केला. वेगळी वाटी आणली. अंडी उकडली, दाणे स्वतः कुटले, भातात तेल घातलं. सिस्टरची यादी त्याने तंतोतंत पाळली. फक्त हात तेवढा त्याला आवरता आला नाही. पोरगी चौथ्या घासाला मान फिरवायची, आणि याच्या डोळ्यांपुढे जिना उभा राहायचा. पूर्वी दिवसाला दोनदा होणारी मारामारी आता दिवसाला सहादा होऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात एक रद्दीवाला ओले गठ्ठे घेऊन आला. काटेवाल्याने कडी लावली. त्याने त्या माणसाचं डोकं केबिनच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा, चारदा, आणि पत्र्याला पडलेला पोचा आतून पोरीच्या तोंडासमोर फुगून आला. माणूस खाली बसल्यावर याने त्याच्या बरगडीत बुटाच्या लाथा घातल्या. मग घाम पुसला, आत आला आणि रक्ताळलेल्या हाताने अंडं सोलायला घेतलं. पोरीने आख्खं अंडं घेतलं. रडली नाही, मान फिरवली नाही.

काटेवाल्याला हर्ष झाला. अरे, हे तर सोपं होतं. त्या दिवसापासून त्याने जेवणाआधी लोखंडी सळई टेबलावर ठेवायला सुरुवात केली. कधी ती पत्र्यावर नुसती आपटायचा. पोरगी पटापट तोंड उघडायची. वाट्या रिकाम्या होऊ लागल्या, आणि हा गोदामभर सांगत सुटला की पैलवान आता लाइनीवर आली.

पाचव्या आठवड्यात केबिनमध्ये मुंग्यांची रांग लागली. रांगेमागे जाता जाता तो कोपऱ्यातल्या पाइपांच्या ढिगापाशी पोचला. एकेका पाइपात भात, अंड्याचे तुकडे, केळ्याचा लगदा. पोरगी घास गालात धरून ठेवायची आणि हा उठला की पाइपात थुंकायची. तिच्या अंगात एवढी अक्कल होती, याचं दुसऱ्या कुणी कौतुक केलं असतं. याने तिला एका दंडाला धरून उचललं आणि सळईने पोटऱ्यांवर मारलं. पाच वळ उठले. संध्याकाळी त्यांना तेल लावताना तो ओक्साबोक्शी रडला, हेही खरं आहे. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. त्याच प्रेमाने तो तिला मारत होता, आणि मला त्या माणसाचा राग येतो तो इथेच.

ठरलेल्या दिवशी सकाळी त्याने तिला गोदामाच्या काट्यावर ठेवलं. दहा किलो शंभर. नऊशे ग्रॅम कमी. दवाखान्यात दहाला पोचायचं होतं आणि घड्याळात पावणेनऊ झाले होते.

वजन कसं वाढतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्याने बाटली भरली, पोरीला गुडघ्यांत धरलं आणि सळई समोर ठेवली. ती पीत गेली. अर्ध्या बाटलीनंतर तिला उमासे आले, तेव्हा त्याने नाक दाबलं. ती ओकली. त्याने बाटली परत भरली. दुसऱ्यांदा ओकली तेव्हा कानाखाली वाजवली आणि परत पाजलं. दहाला दहा कमी असताना पोरीचं पोट ढोलासारखं झालं होतं आणि ती रडायची थांबली होती. पोरगी शहाण्यासारखी वागतेय, असं त्याला वाटलं.

दवाखान्यातल्या काट्याने अकरा किलो शंभर दाखवले.

"वा, काका," सिस्टर म्हणाली. "बघा, जमलं की नाही?" मग तिने पोरीची हनुवटी वर केली. पोरीचे डोळे भलतीकडेच लागले होते. तोंडातून पाणी आलं, नुसतं स्वच्छ पाणी, मग डावा हात थडथडायला लागला, आणि सगळं अंग काट्यावर आपटू लागलं. दातखीळ बसली. जिभेतून रक्त आलं.

डॉक्टर धावत आले. "फिट आधी कधी आली होती? ताप? डोक्याला मार?"

काटेवाला भिंतीला चिकटून उभा होता. होय म्हटलं असतं तर चाललं असतं. पडली म्हणून सांगितलं असतं तरी कुणी खोदून विचारलं नसतं. सिस्टर एका हातात ग्लुकोजची बाटली धरून सुई शोधत होती.

"पाणी," तो म्हणाला.

"काय पाणी?"

"पाजलं मी. वजनासाठी. तासाभरात दोन लिटर. थोडं ओकली. पोटात लिटरभर तरी असेल."

सिस्टरने त्याच्याकडे बघितलं. तिने हातातली ग्लुकोजची बाटली खाली ठेवली आणि डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी, मिठाच्या पाण्याची घेतली. मग पोरीला उचलून सगळे जिन्याने वर गेले.

रक्तातलं मीठ पातळ झालं होतं, मेंदूला सूज येऊ लागली होती. याने सांगितलं नसतं आणि नेहमीची ग्लुकोजची बाटली चढली असती, तर संध्याकाळपर्यंत पोरगी राहिली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मग पोटऱ्यांवरचे वळ बघितले आणि हुकूम सोडला, आजोबांनी खाटेपाशी बसायचं, पण चमच्याला हात लावायचा नाही.

निरोप मिळाला तशी दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शहराहून आली. आधी तिने पोरीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग बापाला बाहेरच्या गल्लीत नेलं आणि मारायला सुरुवात केली. मुठींनी, चपलेने, छातीवर, तोंडावर. बापाचा ओठ फुटला. नऊ माणसांची हाडं मोडणारा माणूस हात खाली सोडून उभा राहिला.

"मी अजून कुणासमोर जेवत नाही, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "कारखान्यात सगळ्याजणी डबा उघडतात, मी संडासात जाऊन खाते. तुम्हाला माहीत आहे का हे? मला वाटलं, म्हातारे झालात, हात थकला असेल. म्हणून ठेवली मी तिला तुमच्याकडे. माझीच अक्कल गेली होती शेण खायला."

त्याने शर्टाच्या बाहीने ओठ पुसला.

वॉर्डात पोरगी तीन आठवडे राहिली. सिस्टर वाटी समोर ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. आधी पोरगी वाटीकडे बघायचीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तिने भातात बोट बुडवलं. आठव्या दिवशी अर्धं अंडं खाल्लं, अर्धं अंथरुणाला फासलं, आणि कुणी काही बोललं नाही. आईसुद्धा तिच्यासमोर बसून खायला शिकत होती, भिंतीकडे तोंड करून का होईना. काटेवाला रोज दुपारी स्टुलावर बसून हे बघायचा. एकवीस दिवसांत कुणी हात उचलला नाही, आणि शेवटच्या दिवशी काट्यावर अकरा किलो दोनशे आले. त्याने तो आकडा सिस्टरच्या खांद्यावरून वाचला.

मुलीला खोली मिळाली नव्हती. कारखान्यातल्या एका बाईने खोलीतला कोपरा देऊ केला होता, तिथेच ती पोरीला नेणार होती. बस दवाखान्याच्या फाटकावरूनच सुटायची.

"एकदा घेऊ का तिला?" त्याने विचारलं. "बसपर्यंत."

मुलीने पिशवी खाली ठेवली आणि पोरीला त्याच्या हातात दिलं. पूर्वीपेक्षा ती जड लागत होती. फाटक शंभर पावलांवर होतं. वाटेत ती रडली नाही, तिने लाथा झाडल्या नाहीत. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. पोरीने दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले होते, आणि श्वास रोखून ती त्याच्या हाताकडे बघत होती.

तो तिथेच थांबला. बसला अजून वेळ होता. त्याने मागे वळून पोरीला तिच्या आईकडे दिलं.