नळावरचा शब्द

आमचे हे जन्मभर बॉयलरवर राबले. आमच्या स्वस्त घरांची वसाहत ठरत होती, तेव्हा ह्यांनी एकच ध्यास घेतला. जमिनीत खोलवर, जिथे बारमाही तापमान सारखंच असतं, तिथे पाइप पुरायचे आणि तिथूनच हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा घरोघरी पोचवायचा.

सभेत ह्यांनी सगळं छान समजावलं आणि शेवटी म्हणाले, "यंत्रणा सामाईक असेल."

झालं. सामाईक नळावर भांडून म्हातारी झालेली माणसं ती. "म्हणजे आता उबेसाठीही रांग?" शेजारच्या काकूंनी विचारलं. हशा पिकला आणि योजना बारगळली.

आता प्रत्येक खिडकीत वेगळं यंत्र घरघरतं. काल काकूंचं मेलं बंद पडलं, तर शाल गुंडाळून आमच्याच दारात. मी उघडलं नसतं. ह्यांनी त्यांना हिटरजवळची खुर्ची दिली.

त्या गेल्यावर म्हणाले, "'सामाईक' नाही, 'आपली' म्हणायला हवं होतं गं."